कुसू आणि खाच

कुसू : लाकडाच्या टोकाला कातून काढलेली, दुसऱ्या लाकडाच्या खाचेत घट्ट बसणारी जीभ. सांगवीसारख्या नीराकाठच्या गावांत सुतारमेटावर या सांध्याची खरी कसोटी लागे ती बैलगाडीच्या चाकात. चाकाच्या मधल्या तुंब्यात सुतार किंकरे आणि मोगरीने खाचा पाडी, पटाशीने त्यांच्या भिंती साफ करी. वाकसाने तासलेल्या प्रत्येक आऱ्याचे एक कुसू तुंब्यात, दुसरे बाहेरच्या पुठ्ठ्यात जाई. लाकूड बहुधा बाभळीचे. आरा पुरता वाळलेला हवा. ओला बसवला तर तो पुढे आकसतो आणि सांधा हलू लागतो. कुसू जाड राहिले तर तुंबा चिरतो. कुसवात लाकडाच्या रेषा उभ्या असाव्या लागतात. आडव्या गेल्या तर कुसू भाराखाली तुटते.

या सांध्यांना खिळा नसतो. लोहार लोखंडी धाव तापवून चाकावर चढवी आणि पाणी ओती. आकसणारी धाव सगळी कुसवे एकदम खाचांत दाबून बसवी. चाक असे दोघा बलुतेदारांचे काम होते, त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) दोघांचीही नोंद आहे. नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती-इंदापुरात ऊस वाढला, तसा गाड्यांवरचा भारही वाढला. आऱ्यांची कुसवे सैल पडली की गाडी चढावर करकरे.