ताटी, दोरी आणि झोप : वीज नसतानाच्या गारव्याचा इतिहास (थ्रेड)

मार्च उजाडला की विदर्भातील घराघरांत कूलर बाहेर निघतो. टाकीतला गंज खरवडला जातो, पंप तपासला जातो आणि क्षारांनी कडक झालेल्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात. यातला ‘ताटी’ हा शब्द कूलरपेक्षा कितीतरी जुना आहे. वीज नसताना घर थंड ठेवणारी यंत्रणा कशी चाले, आणि ती चालू ठेवण्याची किंमत कोण मोजत असे, हा या थ्रेडचा विषय.

ताटी म्हणजे बांबूची चौकट आणि तीत दाबून भरलेली वाळ्याची मुळे. उन्हाळी वारा ज्या बाजूने येई, त्या बाजूच्या दारा-खिडक्यांत ती घट्ट बसवत आणि सतत भिजती ठेवत. अबुल फज्लच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वाळ्याने आच्छादलेल्या दालनांचा उल्लेख येतो. पाणी शिंपडले की तेथे भर ग्रीष्मात हिवाळा अवतरतो, असे त्याचे म्हणणे. दरबारी लेखकाची अतिशयोक्ती सोडली, तरी त्यामागील भौतिकशास्त्र पक्के आहे.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ताटीतून येणारी हवा ही उष्णता स्वतःतून देते आणि गार होते. बाहेर ४३ अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असेल, तर या मार्गाने हवा तत्त्वतः २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. प्रत्यक्षात २७-२८ अंश मिळाले तरी पुष्कळ.

मात्र या यंत्रणेला दर काही मिनिटांनी पाणी लागे. ताटी वाळली की खोलीत थेट झळ आणि धूळ शिरे. म्हणून पखालजी किंवा एखादा गडी बाहेर, उन्हात, मडक्याने ताटीवर पाणी मारत उभा असे. आतला गारवा बाहेरच्या माणसाच्या घामावर चाले, हे येथे अक्षरशः खरे आहे. शिवाय मुळे कुजत, त्यांचा सुगंध उडून जाई आणि पुढच्या हंगामात चौकट नव्याने भरावी लागे.

वारा पडला तर? त्यावर एकोणिसाव्या शतकात ‘थर्मँटिडोट’ नावाचे धूड निघाले. मोठी लाकडी पेटी, तिच्या बाजूंना ओल्या ताट्या, आत फिरणारी पाती आणि बाहेर दांडा. दांडा माणसाने फिरवायचा. नाव ग्रीक वळणाचे असले तरी इंधन म्हणजे गड्याचे दंडच.

मुंबईत, आणि एकूण कोकणपट्टीत, यातले काहीच फारसे चालले नसते. हवा आधीच ओलसर असेल, तर पाण्याची वाफ होणार कुठून? तेथे हवा गार करण्यापेक्षा ती अंगावरून हलती ठेवणे, एवढाच मार्ग उरे. त्यासाठी होता छताला टांगलेला पंखा: आडवी लाकडी चौकट, तिला कापडी झालर आणि एक दोरी. ही दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या इंग्रजी घरांत हा पंखा दिसू लागला आणि पुढे कचेऱ्या, न्यायालये, चर्च, लष्करी बराकी अशा सर्वत्र पसरला.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या माणसाचे काम वरकरणी सोपे: ओढायचे, सैल सोडायचे, पुन्हा ओढायचे. पण हे तासन्‌तास, आणि उन्हाळ्यात रात्रभर. पाळ्या असत, तरी पहाटेच्या सुमारास एकसुरी हालचालीने डोळा लागणे अटळ होते. पंखा थांबला की आतला साहेब घामाने जागा होई. म्हणजे एकाची झोप दुसऱ्याच्या जागरणावर टांगलेली होती.

त्यातून जे घडे, त्याला त्या काळचे इंग्रजी लेखन अनेकदा विनोदाच्या सुरात नोंदवते: फेकलेला बूट, ओतलेले पाणी. न्यायालयांतील नोंदी तेवढ्या विनोदी नाहीत. साहेबाच्या किंवा गोऱ्या शिपायाच्या लाथेने पंखेवाले आणि इतर नोकर मेल्याचे खटले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारंवार उभे राहिले. बचावाचा युक्तिवाद ठरलेला असे. मृताची प्लीहा हिवतापाने आधीच सुजलेली होती आणि ती साध्या धक्क्यानेही फुटली असती. हिवतापग्रस्त प्रदेशात प्लीहावृद्धी खरोखरच आढळे, म्हणून युक्तिवाद वैद्यकीयदृष्ट्या निराधार नव्हता. पण त्यामुळे खुनाचा आरोप किरकोळ दुखापतीपर्यंत घसरे आणि कित्येकदा दंडावर भागे. इल्बर्ट विधेयकावरील वादळानंतर १८८४ मध्ये झालेल्या तडजोडीने गोऱ्या आरोपीला किमान निम्मे गोरे पंच मागण्याचा हक्क दिला, हेही विसरता येत नाही.

देशी वृत्तपत्रे या निकालांवर सातत्याने तुटून पडत. लॉर्ड कर्झनसारख्या कट्टर साम्राज्यवादी व्हाइसरॉयलाही हा प्रश्न लाजिरवाणा वाटला. १९०२ मध्ये एका भारतीय स्वयंपाक्याच्या मृत्यूनंतर त्याने नवव्या लान्सर्स पलटणीला सामूहिक शिक्षा केली. १९०३ च्या दिल्ली दरबारात ही पलटण समोरून जाताना उपस्थित गोऱ्यांनी तिचा जयघोष केला.

दरम्यान वीज येत होती. कलकत्त्यात १८९९ मध्ये आणि मुंबईत १९०५ मध्ये कंपन्यांचा वीजपुरवठा सुरू झाला. काही ठिकाणी जुन्याच झालरीच्या पंख्याला मोटर जोडण्याचे प्रयोग झाले, पण अखेरीस फिरत्या पात्यांचा पंखाच टिकला. तो झोपत नसे, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. जिथे तारा पोचल्या नाहीत, तिथे दोरी पुढेही कित्येक वर्षे ओढली गेली. व्हरांड्यातून उठलेल्या माणसांचे पुढे काय झाले, याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवली.

आजचा कूलर नीट पाहिला तर त्यात थर्मँटिडोटच ओळखू येतो. पेटी तीच, तीन बाजूंच्या ताट्या त्याच. पखालजीचे काम पंप करतो, दांड्याचे काम मोटर. वाळा महागल्याने पुष्कळ ताट्यांत आता लाकडाचे तलम काप असतात, पण त्या दरवर्षी बदलाव्याच लागतात. साचलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून टाकी आठवड्याला रिकामी करावी लागते. आणि लोखंडी पेटी, पाणी व वीज एकत्र आल्याने अर्थिंग सदोष असेल तर धक्का बसतो. अशा मृत्यूंच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात अजूनही येतात. त्यात पाणी भरायला गेलेली बाई असते, कधी लहान मूल असते. टाकीत पाणी ओतण्यापूर्वी प्लग काढावा, ही सूचना म्हणूनच पुन्हा पुन्हा द्यावी लागते.