पावसातील मोटारसायकल-शर्यती



आषाढ लागला की मुंबईच्या उपनगरांत एक देखावा हमखास दिसतो. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधोमध नाहूर आहे. त्याला गाव म्हणायचे ते आता केवळ जुन्या सवयीने. २००६ साली तेथे रेल्वेचे स्टेशन झाले, उंच इमारती उठल्या. पण पश्चिमेचा डोंगर आणि पूर्वेची मिठागरे-खाडी आहेत तेथेच आहेत. त्यामुळे डोंगरावरचे पाणी खाडीकडे धावू लागले, की ते मधल्या रस्त्यालाच गाठते. हा रस्ता म्हणजे जुना आग्रा रोड, आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. त्या पाण्यातून पाय वर उचलून शेकडो दुचाकीस्वार रोज कामावर जातात. त्यांची ती शर्यतच असते म्हणा ना! फक्त बक्षीस नसते.

गेल्या पावसाळ्यात माझा एक विद्यार्थी, राहणारा नाहूरचाच, वर्ग सुटल्यावर माझ्याकडे आला. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून एका क्लबाच्या पावसाळी स्पर्धेत नाव दिले होते. तिघांचा मिळून एक संघ. अर्ध्या वाटेवर ओढ्याचे पाणी ओलांडताना याच्या गाडीचे ब्रेक भिजले. पुढच्या उतारावर ते लागेनात, तेव्हा हा मागे फिरला. संघ बाद झाला. मित्रांनी बोलणे टाकले. त्याने मला विचारले, "सर, मागे फिरलो म्हणजे मी भित्रा ठरलो का हो?"

प्रश्न साधा होता, पण मला तेथल्या तेथे उत्तर सुचले नाही. मी इतिहासाचा माणूस. म्हटले, जरा मागे जाऊन पाहू. पावसातल्या शर्यती काही आजच्या नाहीत. आपल्या आधी कोणाकोणाला हा प्रश्न पडला आणि त्यांनी काय केले, ते आज आपण पाहू.

प्रारंभ करावा लागतो इंग्लंडपासून. १९०३ साली तेथे मोटारसायकलवाल्यांचा 'ऑटो-सायकल क्लब' निघाला. हौस मोठी, पण जागा नाही! त्याच वर्षीच्या कायद्याने इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करण्याची सोय नव्हती. मग या मंडळींची दृष्टी गेली समुद्रातल्या एका बेटाकडे. ते आयल ऑफ मॅन. या बेटाची स्वतःची वेगळी पार्लमेंट आहे. तिने १९०४ सालीच कायदा करून मोटारींच्या शर्यतीसाठी रस्ते बंद ठेवण्यास संमती दिली होती. तेथे २८ मे १९०७ रोजी 'टूरिस्ट ट्रॉफी' नावाची मोटारसायकल-शर्यत प्रथम झाली. पंचवीस स्वार निघाले. सुमारे साडेपंचवीस किलोमीटरचा फेरा, असे दहा फेरे. एका सिलिंडरच्या गाड्यांत चार्ली कोलियर जिंकला, दोन सिलिंडरच्या गाड्यांत रेम फाउलर. कोलियरचा सरासरी वेग होता ताशी ३८ मैल, म्हणजे सुमारे ६१ किलोमीटर. आज आपल्याकडचा दूधवालासुद्धा मोकळ्या रस्त्यावर या वेगाने जाईल. पण तेव्हाचे रस्ते धुळीचे, खड्ड्यांचे आणि पाऊस पडला की निव्वळ चिखलाचे होते, हे विसरू नका.

या पहिल्या गाड्यांची एक मोठी खोड होती. इंजिनाची शक्ती मागच्या चाकाला पोहोचायची ती पट्ट्याने. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत पट्टा असतो ना, तसाच. पट्टा ओला झाला की घसरायचा. इंजिन ओरडते आहे आणि गाडी चढावर जागच्या जागी! गिरणीवाला पट्ट्याला राळ लावून वेळ निभावतो. भर शर्यतीत ते करायचे कोणी? १९११ साली शर्यत डोंगरावरच्या लांब रस्त्यावर गेली. एक फेरा सुमारे साठ किलोमीटरांचा झाला आणि स्नेफेल डोंगराचा चढ वाट्यास आला. त्या वर्षी मोठ्या गटातले पहिले तिन्ही क्रमांक 'इंडियन' या गाडीने पटकावले. नाव ऐकून छाती फुगवू नका. गाडी अमेरिकेची होती! पण तिच्यात पट्ट्याऐवजी साखळी होती आणि चढासाठी वेगळा गिअर होता. पुढे हळूहळू पट्टा गेला आणि साखळी आली. आज तुमच्या दारातल्या मोटारसायकलला जी साखळी आहे, तिच्यामागे असा चढाचा आणि पावसाचा इतिहास आहे.

आता क्लब आणि संघ यांच्याविषयी दोन शब्द. एकट्याने वेगाने पळणे निराळे आणि संघाने वाट पुरी करणे निराळे. १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची एक आंतरराष्ट्रीय कसोटी सुरू झाली. तिच्यात सर्वांत वेगवान कोण, एवढेच पाहत नसत. ठरलेल्या ठाण्यावर ठरलेल्या वेळी पोहोचायचे, उशीर झाला की गुण कापायचे, असा तिचा हिशेब. पाऊस, चिखल, ओढे, सगळे वाटेतच. गाडी बिघडली तर स्वाराने स्वतःच दुरुस्त करायची. देशांच्या संघांबरोबर क्लबांचेही संघ या स्पर्धेत उतरत आले आहेत, आणि क्लबाचा संघ म्हणजे तीन स्वार. गुण तिघांचे मिळून. एकाने अतिउत्साहाने गाडी खड्ड्यात घातली, की उरलेल्या दोघांचे कष्टही मातीत जातात. बैलजोडीत एक बैल भरधाव आणि दुसरा बसलेला असला, तर गाडी कोठे जाईल? तसेच हे.

पण पावसाने खरा पेच टाकला तो १९५४ साली. आयल ऑफ मॅनच्या मोठ्या शर्यतीत सात फेरे व्हायचे होते. पाऊस आणि धुके यांनी डोंगर भरून गेला होता. आघाडीवर दोन स्वार होते. एक इंग्लंडचा जेफ ड्यूक, इटलीच्या चार सिलिंडरच्या गिलेरा गाडीवर. दुसरा दक्षिण ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचा, रे ॲम, एका सिलिंडरच्या नॉर्टनवर. तिसरा फेरा संपताच ड्यूक पेट्रोल भरण्यासाठी थांबला. ॲम न थांबता पुढे गेला. आणि चौथा फेरा संपताच पंचांनी शर्यत थांबवली! ॲम पहिला, ड्यूक दुसरा. आता सांगा, हा न्याय झाला का? ड्यूकच्या बाजूचे म्हणाले, ॲमला पेट्रोल भरायचे होतेच, त्या वेळी आम्ही पुढे गेलो असतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण पंचांपुढे धुक्यात हरवलेला डोंगर होता आणि त्या डोंगरावर माणसे होती. निर्णयावर वाद पुष्कळ झाला.

अठरा वर्षांनी, १९७२ साली, याची दुसरी बाजू दिसली. ९ जूनला त्याच बेटावर १२५ सीसीची शर्यत पावसात आणि धुक्यात सुरू झाली. इटलीचा जिल्बर्टो पार्लोटी त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत गुणांनी आघाडीवर होता. डोंगरावरच्या एका वळणावर त्याची गाडी घसरली आणि तो प्राणास मुकला. जाकोमो आगोस्तिनी हा त्या काळचा सर्वांत मोठा स्वार त्याचा मित्र. आगोस्तिनी त्याच दिवशी मोठी शर्यत धावला, जिंकलाही; आणि मग त्याने सांगून टाकले, की या बेटावर मी पुन्हा शर्यतीला येणार नाही. ज्याने तेथे पुन्हापुन्हा विजय मिळवले होते, त्याला भित्रा कोण म्हणणार? इतर नामवंत स्वारही त्याच्या वाटेने गेले. १९७६ नंतर ती शर्यत जागतिक अजिंक्यपदाच्या यादीतून निघाली आणि ब्रिटनची शर्यत १९७७ पासून सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त मार्गावर गेली. बेटावरची शर्यत बंद पडली नाही; ती आजही होते. पण स्वाराला 'नाही' म्हणता येते, हे त्या घटनेने जगाला शिकवले.

पुढे या गोष्टी नियमांत आल्या. पाऊस सुरू झाला की पांढऱ्या कापडावर लाल फुली असलेला झेंडा दाखवतात. लाल झेंडा म्हणजे थांबा, वाद नंतर. मोटोजीपी या जागतिक स्पर्धेत २००५ पासून नियम आला, की मध्येच पाऊस आला तर स्वाराने आत यावे आणि पावसाळी टायरांच्या दुसऱ्या गाडीवर बसून पुन्हा निघावे. सुक्या रस्त्याचे टायर अगदी गुळगुळीत असतात. पावसाळी टायरांना खोल खाचा असतात, त्यांतून पाणी बाजूला फेकले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी प्रथमच आपल्या देशात, ग्रेटर नोएडाला झाली. तेथे स्वार उकाड्याने हैराण झाले, आणि लगेच पुढच्या आठवड्यात जपानमध्ये पावसाने गाठले. चोवीस फेऱ्यांची ती शर्यत बारा फेऱ्यांनंतर लाल झेंड्याने थांबली. पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तोही सोडून द्यावा लागला. १९५४ मध्ये ज्या निर्णयावर वाद झाला, तो आता नियमाचा भाग झाला आहे.

शिक्षकबंधूंसाठी येथे थोडे गणित सांगतो. वर्गात जरूर घ्या. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. ब्रेक लावण्याचे मनात येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर १७ मीटर तेथेच गेले. त्यानंतर सुक्या डांबरी रस्त्यावर, घर्षण ०.८ धरले तर, गाडी सुमारे १८ मीटरांत थांबते. रस्ता ओला झाला आणि घर्षण निम्म्यावर आले, की तेच अंतर ३५ मीटरांवर जाते. वळणाचेही तसेच. सुक्या रस्त्यावर जे वळण फार तर ६० च्या वेगाने घेता येते, ते ओल्यावर ४२ च्या पुढे घेता येत नाही. आणि सर्वांत वाईट पाऊस कोणता? मुसळधार नव्हे, तर पहिला! रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचे पहिल्या सरीत लोण्यासारखे बुळबुळीत सारण होते. रंगवलेले पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणे त्याहून निसरडी.

हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. भातखाचरात चिखलणी करणारा शेतकरी बैलांना हिसका देत नाही, कासरा सैल पण हाती ठेवतो. चिखलात पाऊल हळू टाकावे आणि टाकलेले ठरू द्यावे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पावसातला चांगला स्वारही तेच करतो. ब्रेक हळू, वळण हळू, वेग वाढवणे हळू.

आणि दुचाकीशी तर आमच्या या भागाचे जुने नाते आहे. १९४९ साली निघालेल्या 'ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' या कंपनीचा कारखाना नाहूरच्या शेजारी, भांडुपला, याच रस्त्यालगत होता. इटलीच्या इनोचेंती कंपनीची लँब्रेटा स्कूटर १९५० नंतरच्या दशकात या कंपनीने भारतात जुळवायला घेतली. मागाहून तिचेच नाव 'लँबी' झाले. आता त्या स्कूटरी बनत नाहीत, पण तिची लहान चाके ज्यांनी पाण्यातून हाकली आहेत, त्यांना खड्डा म्हणजे काय ते विचारा! मुंबईकरांनी पुढे या पावसाचीच स्पर्धा केली. गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली पावसाळी स्कूटर रॅली मुंबई आणि नवी मुंबई परिसरात वर्षानुवर्षे भरत आली. घरगुती स्कूटर, लाल चिखल, वर आषाढाचा पाऊस. जग पाऊस आला की शर्यत थांबवते. आमचे लोक पाऊस आला की शर्यत भरवतात! मात्र मोकळ्या माळावर, शिरस्त्राण घालून, पंच आणि डॉक्टर जवळ ठेवून. रहदारीच्या रस्त्यावर केलेली चढाओढ ही शर्यत नव्हे, तो निव्वळ गुन्हा होय.

तर मग माझ्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले? मी त्याला खोटी समजूत घातली नाही. म्हटले, "संघ हरला, तुझ्यामुळे हरला, हे खरे आहे. मित्रांना वाईट वाटले यात त्यांची चूक नाही. पण ब्रेक लागत नसताना तू उतारावर गेला असतास, तर संघ वाचला नसताच. उलट त्या दोघांना तुला उचलून आणावे लागले असते. तू भित्रा नाहीस. तुझी चूक वेगळीच आहे. ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलकेच दाबत थोडे अंतर गेलास, की घर्षणाच्या उष्णतेने पाणी सुकते आणि ब्रेक पुन्हा धरू लागतात. हे तुला माहीत असायला हवे होते. आणि तिघांनी निघण्यापूर्वीच ठरवायला हवे होते, की कोणत्या वेळी थांबायचे."

तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, हे तुम्ही त्या दोघांनाही सांगाल का?"

दुसऱ्या दिवशी ते तिघेही आले. बोलणे अजून सुरू झाले नव्हते. बाकावर एकाआड एक जागा सोडून बसले. मी त्यांना ड्यूकची आणि आगोस्तिनीची हीच हकिगत सांगितली, फळ्यावर हेच गणित मांडले. ॲमने जिंकले ते बरोबर की चूक, यावर तिघांचे एकमेकांत जे जुंपले, ते तास संपला तरी थांबेना. मी हळूच वर्गाबाहेर पडलो.

येत्या पावसाळ्यात तिघे पुन्हा नाव देणार आहेत. तुमच्याही गावात अशी पोरे असतील. त्यांना गाडीची किल्ली देताना ही गोष्टही सांगा.