मिरज ते स्टॉकहोम : तारखा लावून पाहताना

स्वीडनच्या ‘डुंगेन’ या बँडची 2004 सालची ‘ता देत लुंग्त’ ही ध्वनिमुद्रिका म्हणजे 1970च्या आसपासच्या स्वीडिश रॉकला घातलेला नमस्कारच. त्या जुन्या रॉकच्या मुळाशी ‘पेर्सन साऊंड’ नावाची मंडळी होती. 1967 साली स्टॉकहोममध्ये जमलेले हे वादक एकच सूर धरून वीस-वीस मिनिटं वाजवत बसायचे. त्यांच्या एका लांबलचक तुकड्याच्या नावात ट्युनिसहून भारतापर्यंतचा प्रवास आहे, तोही पौर्णिमेच्या चांदण्यात. मिरजेच्या माणसाने हे ऐकलं की तंबोरा आठवणारच, आणि पाठोपाठ किराणा घराण्याशी धागा जोडायचा मोहही होणार. धागा आहे, पण तो कुठे गाठला गेला हे तारखा लावल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात आपल्याकडून करू. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे, डेप्युटी कलेक्टरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1910 साली निघालं. गवई नेमका कुठे सूर लावतो हे ग्रंथ चाळून ठरवण्यापेक्षा गवयाला गायला लावावं आणि मोजावं, हा त्यांचा खाक्या. त्यासाठी मिळाले तेही साधेसुधे नव्हेत, खुद्द किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांनी सूर लावायचा आणि देवलांनी तो तारेच्या लांबीत पकडायचा. मोकळ्या तारेचा दोन तृतीयांश भाग छेडला की पंचम येतो, चार पंचमांश छेडला की शुद्ध गंधार. आपल्या नेहमीच्या पेटीतला गंधार याहून चढा असतो. जवळच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवल्यावर, षड्जाच्या तारेतूनच जो गंधार आपोआप उमटतो, त्याच्याशेजारी पेटीचा गंधार दाबून बघावा. कान चटकन तक्रार करतो.

साताऱ्यात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स या कामात देवलांचे भागीदार झाले. 1913 साली त्यांचंही पुस्तक आलं आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींची पेटी बनवून घेतली गेली. मार्च 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी वाजवून दाखवली गेली, पण भातखंड्यांच्या पक्षाला ती पटली नाही. गवयाचा सूर रागाप्रमाणे हलतो, त्याला पट्टीवर कसं खिळवणार, हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. तरीही सूर मोजायची देवलांची हौस वाया गेली असं मी म्हणणार नाही.

खाँसाहेब 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतच, सिंगपेरुमाळकोईल स्टेशनावर गेले. त्यांचं दफन मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं. मागे राहिल्या त्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं. झिंझोटीतली ‘पिया बिन’, भैरवीतली ‘जमुना के तीर’. या तबकड्यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग या संगीतकाराला पुरतं वेडं केलं. या रेकॉर्डी घेऊन डोंगरात झोपडी बांधून राहावं आणि जन्मभर ऐकत बसावं, असं वाटल्याचं त्यानेच लिहून ठेवलं आहे. यंग आणि त्याचा मित्र टेरी रायली पुढे पंडित प्राणनाथांचे गंडाबंध शिष्य झाले. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँचे शिष्य, म्हणजे किराण्याचेच. आणि वहीद खाँची तालीम झाली कोल्हापुरात, लंगडे हैदर बक्षांकडे. पंचगंगेपासून हडसनपर्यंतची ही परंपरा पक्की आहे.

पण प्राणनाथ अमेरिकेत पोहोचले 1970 साली. रायली स्टॉकहोमला येऊन गेला तो त्याच्या तीन वर्षं आधी. 27 एप्रिल 1967 रोजी स्टॉकहोमजवळच्या नाका इथे त्याने विद्यार्थ्यांकडून आपली रचना वाजवून-गाऊन घेतली, तिचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. याच काळात बू आंदेर्स पेर्सनला त्याच्या संगीताची दीक्षा मिळाली आणि ‘पेर्सन साऊंड’ उभा राहिला. तेव्हा रायलीकडे होती ती टेपची वेटोळी आणि 1964ची ‘इन सी’ ही रचना. किराण्याची तालीम नव्हती. ‘पेर्सन साऊंड’च्या त्या एकसुरी गजरात मिरजेचा वाटा शोधणं म्हणजे नातवाच्या नावाने आजोबांना ओळखणं. तुकड्याच्या नावातला भारत हा त्या वर्षी जगभर झालेल्या रविशंकरांच्या गाजावाजातला भारत मानावा, हे बरं.

खरी गाठ पडली ती नंतर, आणि रॉकच्या बाहेर. कॅथरीन ख्रिस्टर हेनिक्स ही स्टॉकहोमची गणिती आणि संगीतकार प्राणनाथांकडे शिकली. 1976 साली तिने स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझिएटमध्ये ‘द इलेक्ट्रिक हार्प्सिकॉर्ड’ सादर केलं: विजेच्या वाद्याच्या पट्ट्या शुद्ध गुणोत्तरांत लावून, मुलतानीचा आधार घेऊन. बडोद्याच्या परिषदेला त्या वर्षी साठ वर्षं झाली होती. क्लेमेंट्सच्या पेटीशी तिचा प्रत्यक्ष संबंध जोडायला काहीच आधार नाही, पण प्रश्न तोच होता. फक्त इथे साथीला गवई नव्हता, त्यामुळे भातखंड्यांचा आक्षेप लागूच पडला नाही.

आजच्या स्वीडिश पोरांना वारसा मिळाला तो 1967च्या टेपांचा. ‘पेर्सन साऊंड’चं ध्वनिमुद्रण 2001 साली प्रथम बाजारात आलं, हेनिक्सचं 2010 साली. ‘डुंगेन’चा गिटारवादक रेइने फिस्के तर नमस्कारावर थांबला नाही. ‘पेर्सन साऊंड’मधूनच पुढे निघालेल्या ‘त्रेद, ग्रेस ओ स्तेनार’ या बँडमध्ये तो स्वतः जाऊन बसला. त्यांची 2017ची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा मूळच्या वादकांपैकी तोरब्यर्न आबेली आणि थॉमस गार्ट्झ हयात नव्हते, पण त्यांचं वाजवणं तिच्यावर आहे.