हुन्नर हाच परवाना

झारच्या रशियात ज्यू माणसाला हवे तिथे बिऱ्हाड थाटता येत नसे. पश्चिमेकडचे ठरावीक प्रांत, तेवढाच त्याचा मुलूख. १८६५च्या कायद्याने त्यात एक फट ठेवली. अंगी कसब असल्याचा दाखला असलेल्या कारागिराला बाहेर जाऊन राहता येऊ लागले. १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये रेल्वेसम्राट सॅम्युएल पोल्याकोव्ह, होरेस गुंझबर्ग आणि प्राध्यापक निकोलाय बाक्स्त यांनी एक निधी उभारला. तोच पुढे ‘ऑर्ट’ या आद्याक्षरांनी जगभर ओळखला गेला. सुरुवातीचे काम अगदी साधे होते: कारागिराला अवजारांसाठी पैसे द्यायचे, नव्या गावी बस्तान बसवायला मदत करायची, शेतकरी वसाहतींना हात द्यायचा. दानधर्म करणारे पुष्कळ होते; या मंडळींनी भांडवल दिले.

क्रांतीनंतर १९२१ मध्ये संस्थेचे मुख्य कार्यालय बर्लिनला आले. सोव्हिएत रशियात दुकानदारी बुडालेल्या कुटुंबांसाठी परदेशातले नातेवाईक पैसे भरत आणि ऑर्टमार्फत शिवणयंत्र वा विणकामाचे यंत्र घरपोच होई. ही युक्ती मला फार आवडते. मनीऑर्डर चार दिवसांत संपते, यंत्र संपत नाही. पण १९३८ मध्ये तिथला कारभार बंद पाडण्यात आला.

बर्लिनमधली ऑर्टची शाळा उघडली १९३७ साली, नाझी राजवटीत. देश सोडून जाणाऱ्यांनाच शिकवायचे, या अटीवर परवानगी मिळाली होती. ऑगस्ट १९३९च्या शेवटच्या आठवड्यात शंभराहून अधिक मुले आणि काही शिक्षक आगगाडीने निघाले आणि इंग्लंडमधल्या लीड्सला पोहोचले. तिथे शाळा पुन्हा सुरू झाली. मागे राहिलेल्यांचा मार्ग युद्धाने बंद केला. बर्लिनची शाळा १९४३ पर्यंत कशीबशी चालली. मग तिथल्या विद्यार्थी-शिक्षकांची रवानगी छळछावण्यांत झाली. दोन्हीकडची मुले लोखंड कानसायला एकाच कार्यशाळेत शिकली होती. कसबाने जीव वाचतो असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

लिथुआनियातल्या कोव्हनो घेट्टोत तर हा हिशेब उघडच झाला. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनांनी कारागिरांसाठी ५,००० परवाने वाटले. घेट्टोत माणसे होती तीस हजारांच्या घरात. ज्याच्या हाती परवाना, त्याला तूर्त जगण्याची मुभा. पुढे तिथे धंदेशिक्षणाची शाळा निघाली. ती चालवली याकोब ओलेइस्की या शेतीतज्ज्ञाने. तो आधीपासून लिथुआनियातल्या ऑर्टचा प्रमुख होता. इतर शाळांवर बंदी आल्यावर सुतारकाम आणि शिवणकामाच्या आडून मुलांना बाकीचे विषयही शिकवले गेले.

ओलेइस्की दाखाऊच्या छावणीतून जिवंत सुटला आणि काही महिन्यांतच, १९४५ मध्ये, बव्हेरियातल्या लँड्सबर्गच्या निर्वासित छावणीत त्याने ऑर्टची शाळा उघडली. छावणीत बहुतेक सगळे तरुणच होते, कारण म्हातारे आणि लहान मुले वाचलीच नव्हती. शाळेची वर्षे छळछावण्यांत गेलेली. कित्येकांच्या हाती कुठलाच धंदा नव्हता. शिवणकाम, रेडिओदुरुस्ती, मोटार मेकॅनिक, कुलूपकाम, दातांच्या कवळ्या करणे, जे शिकवणारा मिळेल ते शिकवले गेले. पुस्तके नव्हती, यंत्रे भीक मागून आणावी लागत. लँड्सबर्गपाठोपाठ इतर छावण्यांतही वर्ग निघाले आणि अशा निर्वासितांपैकी सुमारे ८०,००० जण ऑर्टकडून काही ना काही धंदा शिकले. व्हिसा देणारे देशही तुला काय येते, हे विचारतच होते. कायदे आता माणुसकीचे होते, पण प्रश्न १८६५चाच!

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्ट मुंबईत आली. वरळीला शाळा निघाली ती मुख्यतः आपल्या बेने इस्रायली ज्यूंसाठी. एके काळी कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जाणारे आणि घरात मराठी बोलणारे हे लोक. त्यांना कुणी हाकलले नव्हते. निर्वासितांच्या यादीत त्यांना घालणे चूक ठरेल. पण शेकडो कुटुंबे इस्रायलला निघत होती, आणि आता कारकुनीवर पोसलेल्या घरातल्या मुलाला तिकडे हाताचे काम लागणार होते. मुलांना यंत्रकाम मिळाले. मुलींसाठी वेगळे वर्ग पुढे निघाले. शिकून काही जण गेले, काही मुंबईतच नोकरीला लागले.