'कॅरिबू' : यशाच्या शिखरावरील एक विषम कृती

लोकप्रियतेने कृती श्रेष्ठ ठरत नाही आणि तेवढ्यावरून ती हिणकसही ठरत नाही, हे तत्त्व सर्वांस मान्य आहे. तथापि एकाच कृतीत सरस आणि नीरस यांची सरमिसळ असते आणि लोक ती सरसकट उचलून धरतात, तेव्हा हे तत्त्व पुरेसे पडत नाही. एल्टन जॉन या इंग्रज गायक-संगीतकाराची जून १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेली 'कॅरिबू' ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत ती विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानी पोचली. वर्षातील उत्कृष्ट अल्बमच्या ग्रॅमी पुरस्कारासाठी तिचे नामांकनही झाले. तरीही तिचा निर्माता गस डजन यानेच पुढे तिच्यावर कठोर टीका केली.

या विषमतेचे खापर सामान्यतः घाईवर फोडले जाते, आणि ते निराधार नाही. १९७४ च्या जानेवारीत कोलोरॅडोतील पहाडी मुलखात, 'कॅरिबू रँच' या ध्वनिमुद्रणगृहात, गीतांना चाली लावणे व ती मुद्रित करणे ही दोन्ही कामे सुमारे नऊ दिवसांत उरकली गेली. पुढे जपानचा दौरा ठरलेला होता. गायक दौऱ्यावर निघून गेला आणि उरलेले संस्करण डजनला त्याच्या पश्चात पुरे करावे लागले.

परंतु केवळ घाई हे कारण मानले, तर आधीच्या 'गुडबाय यलो ब्रिक रोड'चा उलगडा होत नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये आलेली ही दोन तबकड्यांची कृती फ्रान्समधील एरूव्हिलच्या गढीत जेमतेम दोन आठवड्यांत मुद्रित झाली होती, आणि ती या गायकाच्या श्रेष्ठ कृतींत गणली जाते. शीघ्रता हा या जोडीचा स्वभावच होता. बर्नी टॉपिनने शब्द आधी लिहून द्यावेत आणि जॉनने पियानोपाशी बसून घटकाभरात त्यांना चाल लावावी, अशी त्यांची रीत होती. शब्दांमागून चाल येण्याची ही रीत भावगीताच्या मराठी श्रोत्याला परकी वाटू नये.

मग फरक कोठे पडला? एरूव्हिलला जाण्यापूर्वी जमैकातील मुक्कामात ध्वनिमुद्रणाचा बेत फसला होता. मात्र त्या सक्तीच्या रिकामपणात पुष्कळ गीते तयार झाली. फ्रान्समध्ये त्या साठ्यात भर पडली आणि त्यातून वेचून घेण्याची सोय राहिली. कॅरिबूत असा साठा नव्हता. दहा गीते संग्रहात आली. 'सिक सिटी' व 'कोल्ड हायवे' ही दोन वगळली जाऊन एकेरी तबकड्यांच्या मागच्या बाजूस गेली. टाकून देण्यास वाव तो एवढाच. १९७० पासूनच्या साडेचार वर्षांत सात ध्वनिमुद्रिका देणाऱ्या कलावंताची निर्मितिशक्ती आटलेली नव्हती. तिच्यावर निवडीचा संस्कार होण्यास अवकाश उरला नव्हता.

त्याचा परिणाम संग्रहात स्पष्ट दिसतो. 'सोलर प्रेस्टीज अ गॅमन' हा अर्थशून्य शब्दांचा खेळ एक गंमत म्हणून ठीक आहे, परंतु तो भरताड वाटतो. उलट 'डोन्ट लेट द सन गो डाउन ऑन मी' या गीतात आर्जव आणि भव्यता यांचा मेळ बसला आहे. शेवटचे 'टिकिंग' तर निराळ्याच जातीचे आहे. आज्ञाधारक म्हणून वाढलेल्या एका तरुणाच्या हातून न्यूयॉर्कच्या एका मद्यगृहात घडलेले हत्याकांड ते सात मिनिटांहून अधिक काळ, मुख्यतः पियानोच्या आधारावर, कथन करते. त्यात आक्रोश नाही; निवेदनाच्या संयमातूनच भीषणता वाढत जाते.

समीक्षकाने न केलेली निवड अखेर बाजार करतो. नोव्हेंबर १९७४ मध्ये निघालेल्या 'ग्रेटेस्ट हिट्स' या संकलनात 'डोन्ट लेट द सन' गेले; १९९१ मध्ये जॉर्ज मायकेलसह त्याच गीताचे मैफलीतील ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होऊन ते पहिल्या स्थानी पोचले. बाजाराची ही पारख चुकीची नव्हती. ती अपुरी होती. 'टिकिंग' लांबीने व विषयाने एकेरी तबकडीत बसणारे नव्हते, म्हणून ते मूळ संग्रहातच राहिले. संग्रह दुय्यम ठरल्यावर त्याच्याकडे वळण्याचे कारणही बहुतेकांना उरले नाही.

त्याच १९७४ च्या उन्हाळ्यात, त्याच पहाडी ध्वनिमुद्रणगृहात, त्याच जोडीने 'कॅप्टन फँटॅस्टिक' ही आत्मचरित्रात्मक गीतमाला अधिक सवडीने मुद्रित केली, आणि तिची एकात्मता निर्विवाद आहे. यावरून स्थळ, साथीदार वा प्रतिभा यांत दोष नव्हता हे दिसते. विषम कृतीविषयी एकच सरासरी निर्णय देऊन मोकळे होणाऱ्या समीक्षेने म्हणूनच सावध राहिले पाहिजे. अशा निर्णयाने दुबळ्या गीतांचे काही बिघडत नाही, हानी होते ती त्यांच्या शेजारी असलेल्या 'टिकिंग'सारख्या रचनेची.