अनुशेष मोजायची पट्टी

विदर्भ-मराठवाड्याचा विषय निघाला की 'अनुशेष' हा शब्द येतोच. म्हणजे राहून गेलेली बाकी. पण ती मोजायची कशी? १९८३ साली सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा तिच्याखाली जितका, तितका त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात बेरीज आली सुमारे ३,१८७ कोटी रुपये. विदर्भ १,२४७, मराठवाडा ७५१ आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९. हा तिसरा आकडा भांडताना कुणी काढत नाही!

आता माझी मास्तरकी. वर्गाची सरासरी काढली की काही मुलं तिच्याखाली राहणारच. आणि पुढची मुलं काही थांबत नाहीत. १९९४ च्या स्थितीवर पुन्हा मोजणी झाली, तेव्हा आकडा १४,००७ कोटींवर गेला होता. त्यात महागाई आलीच म्हणा. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीत एखादा कोरडा तालुका सहज दडून जातो. केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हाच घटक धरला, ते मला जास्त पटतं. समन्यायी निधीवाटपासाठी १९९४ साली स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत मात्र एप्रिल २०२० मध्ये संपली.