खासगी पार्किंग शुल्क : कायदेशीर स्थान

खासगी जागेत गाडी लावू देण्याबद्दल जागामालक किंवा त्याचा ठेकेदार घेतो ती रक्कम. गाणगापूरला दत्तदर्शनासाठी सोलापूर-पुण्याहून आलेली गाडी असो, की गुलबर्ग्याच्या व्यापारी संकुलात खरेदीला शिरलेले कुटुंब, हातात पावती पडली की प्रश्न एकच उठतो : हे पैसे कोणत्या कायद्याने?

उत्तर असे की, ही रक्कम कर नाही आणि सरकारी दंडही नाही. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. खासगी शुल्काचा आधार १८७२चा भारतीय करार कायदा आहे. फलकावर दर वाचून गाडी आत नेली की करार झाला, असे मानता येते. सार्वजनिक रस्त्याचे तसे नाही. तिथल्या पार्किंगच्या जागा मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ११७ खाली शासन किंवा त्याने नेमलेला अधिकारी ठरवतो. रस्त्याकडेला पावती फाडणाऱ्याकडे असा कायदेशीर अधिकार असावाच लागतो, नुसत्या फलकाने तो येत नाही.

फलकावरच्या ‘५०० रुपये दंड’ या ओळीलाही करारातल्या अटीइतकेच वजन आहे. करार मोडल्याबद्दल ठरवलेल्या रकमेपर्यंत वाजवी भरपाई मिळू शकते, त्याहून जास्त नाही (करार कायदा, कलम ७४). बेशिस्त गाडी उचलून नेण्याची किंवा चाकाला कुलूप घालण्याची परवानगी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार गणवेशातला पोलीस अधिकारी देतो. हे कलम खासगी रखवालदाराला असा कोणताही अधिकार देत नाही.

पावतीमागे बारीक अक्षरांत छापलेल्या ‘मालकाच्या जोखमीवर’ या शब्दांचा सर्वांत सविस्तर निवाडा दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात झाला. १ ऑगस्ट १९९८च्या रात्री एका पाहुण्याने मारुती झेन आणि तिची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपवली. परत येतो तर गाडी चोरीला गेलेली. विमा कंपनीने २ लाख ८० हजार रुपये दिले आणि गाडीमालकासह हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागितली. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलचे अपील फेटाळले. कर्नाटकातून गेलेले न्यायमूर्ती मोहन शांतनगौडर या पीठावर होते. गाडी ताब्यात घेतली की ती सांभाळायला दिलेली वस्तू ठरते. ती हरवली तर निष्काळजीपणा झाला नव्हता हे हॉटेलने दाखवायचे. आणि स्वतःच्या निष्काळजीपणातून छापील वाक्याने सुटता येत नाही, असा निकालाचा गाभा आहे. गाडी स्वतः लावून किल्ली खिशात ठेवणाऱ्याला मात्र हा आधार इतक्या सहज मिळत नाही.

मॉलने शुल्क घ्यावेच का, यावर न्यायालयांचे एकमत नाही. बांधकाम परवानगीच्या अटी पाळण्यासाठी जी जागा सोडावीच लागते, तिचे वेगळे पैसे का, हा वादाचा मुद्दा. गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्सना शुल्क घेण्यास मनाई केली. केरळ उच्च न्यायालयाने कोचीच्या लुलू मॉलच्या प्रकरणात २०२५ मध्ये मॉलची बाजू उचलून धरली. तेलंगणाने न्यायालयाची वाट पाहिली नाही : १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या आदेशानुसार पहिला अर्धा तास मोफत, आणि पुढच्या अर्ध्या तासात कोणत्याही खरेदीचे बिल दाखवले की शुल्क माफ. गुलबर्गा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आज हैदराबादेतली ही सवलत राज्याच्या सीमेवरच संपते. एकाच गाडीवाल्याला काही तासांच्या अंतरात दोन न्याय मिळावेत, हे ग्राहकाच्या दृष्टीने गैर आहे.

इंग्लंडमध्येही हा गोंधळ आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘पार्किंगआय’ कंपनीचे ८५ पौंडांचे शुल्क वैध ठरवले. २०१९ मध्ये संसदेने आचारसंहितेसाठी कायदा केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली सरकारी संहिता त्याच वर्षी मागे घ्यावी लागली.

घरांच्या बाबतीत महाराष्ट्रातला निकाल स्पष्ट आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, इमारतीखालची खांबांमधली मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येणार नाही, असे ठरवले.

गुलबर्ग्याला (आताच्या कलबुर्गीला) कर्नाटक उच्च न्यायालयाचे कायम खंडपीठ ऑगस्ट २०१३ पासून आहे. गुजरात किंवा केरळचा निकाल त्याच्यावर बंधनकारक नाही, युक्तिवादाला आधार म्हणून तो मांडता येतो. ताजमहाल हॉटेलचा निकाल मात्र अनुच्छेद १४१ मुळे इथेही तितकाच लागू आहे.